माती न हलवता घडलेला कोर्स: रस्टिक कॅन्यनचा प्रकरण अभ्यास

लॉस एंजेलिसच्या वायव्येला व्हेंचुरा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, मूरपार्क नावाचं गाव आहे. गावाच्या उत्तरेकडच्या डोंगरांतून एक रुंद, उथळ दरी उतरत येते. तिच्या तळाला एक ओढा आहे. वर्षातले बहुतेक महिने तो कोरडा असतो. पात्रात वाळू आणि गोटे, काठाला सेजची करडी झुडपं, दोन्ही बाजूंना उघडे डोंगर. ही जमीन काउंटीच्या मालकीची. 2002 मध्ये इथे ‘रस्टिक कॅन्यन’ हा अठरा होलांचा सार्वजनिक गोल्फ कोर्स सुरू झाला. त्याच वर्षी ‘गोल्फ डायजेस्ट’ या अमेरिकी मासिकाने परवडणाऱ्या नव्या सार्वजनिक कोर्सेसमध्ये त्याला पहिला क्रमांक दिला.

या कोर्सबद्दल बोलताना लोक हमखास म्हणतात, ‘स्वस्त असूनही किती चांगला!’ मला यातला ‘असूनही’ पटत नाही. आराखडा नीट पाहिला की दिसतं, की ज्या निर्णयांमुळे इथे पैसा वाचला, त्याच निर्णयांमुळे खेळ रंगतदार झाला. या लेखात तेच उलगडून दाखवायचं आहे.

गोल्फशी फारशी ओळख नसलेल्यांसाठी आधी थोडं. प्रत्येक होलची, म्हणजे खेळाच्या एका टप्प्याची, सुरुवात ‘टी’वरून होते. तिथून चेंडू कापलेल्या गवताच्या लांब पट्ट्यावर, म्हणजे ‘फेअरवे’वर मारायचा आणि पुढे ‘ग्रीन’ या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर नेऊन झेंड्याखालच्या खळग्यात घालायचा. वाटेत वाळूचे खड्डे असतात, ते ‘बंकर’. फेअरवेच्या दोन्ही अंगांना मुद्दाम वाढवलेलं उंच गवत असतं, ते ‘रफ’. कुशल खेळाडूने एखादा होल किती फटक्यांत संपवावा याचा ठरलेला आकडा म्हणजे ‘पार’. एवढ्यावर पुढचं समजेल.

त्या काळातली रीत

1990 च्या दशकात अमेरिकेत दरवर्षी शेकडो नवे कोर्स उघडत होते. त्यातले बरेचसे घरबांधणीच्या प्रकल्पांचा भाग होते. कोर्स काढायचा तो भोवतालचे भूखंड चढ्या भावाने विकले जावेत म्हणून. मग होल घरांच्या रांगांमधून नागमोडी काढले जात, एका होलच्या ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंत रस्ते ओलांडत जावं लागे, आणि चालणं नकोसं झाल्यामुळे बॅटरीवरची गाडी भाड्याने घेणं भागच पडे. दुसरीकडे, जमीन जशी आहे तशी वापरायचीच नाही अशी एक धारणा पक्की झाली होती. डोंगर कापायचे, तळी खणायची, धबधबे सोडायचे. या विचाराचं टोक पाहायचं तर लास वेगासजवळचा शॅडो क्रीक पाहावा. आराखडाकार टॉम फाझिओ यांनी सपाट वाळवंटात टेकड्या उभारल्या, ओढे वाहवले, हजारो झाडं लावली. 1989 मध्ये तो खुला झाला. मानवी करामत म्हणून तो थक्क करणारा आहे, यात वाद नाही. पण अशा कोर्सवर खेळायला किती पैसे मोजावे लागतील, हे तो बांधतानाच ठरून जातं.

खर्चाचा हा भाग सहसा लक्षात घेतला जात नाही. कोर्स एकदाच बांधला जातो, पण त्याचं गवत रोज कापावं लागतं, बंकर रोज विंचरावे लागतात, पंप रोज चालवावे लागतात. कृत्रिम उतार तीव्र असले की यंत्राने कापणं अवघड होतं, मग माणसं लागतात. कडा रेखीव ठेवलेला बंकर एका जोरदार पावसात ढासळतो आणि चार माणसांचा दिवस त्यात जातो. आराखडाकाराने कागदावर ओढलेल्या एका वळणदार रेषेची किंमत खेळणारा पुढची तीस वर्षं प्रत्येक फेरीला चुकवत राहतो. 2006 पासून पुढे अनेक वर्षं अमेरिकेत दरवर्षी नव्याने उघडणाऱ्या कोर्सेसपेक्षा बंद पडणाऱ्यांची संख्या जास्त राहिली. त्याची कारणं अनेक होती, पण न झेपणारी देखभाल हे त्यातलं एक ठळक कारण होतं.

तिघेजण

रस्टिक कॅन्यनचा आराखडा तिघांचा आहे: गिल हॅन्स, जिम वॅग्नर आणि जेफ शॅकलफर्ड. हॅन्स यांनी 1993 मध्ये स्वतःचा व्यवसाय सुरू केला होता आणि काही वर्षांत वॅग्नर त्यांना येऊन मिळाले. हे दोघे कार्यालयात बसून नकाशे पाठवणाऱ्यांतले नाहीत. हॅन्स स्वतः बुलडोझरवर बसून ग्रीनला आकार देतात, यासाठी ते ओळखले जातात. ही नुसती हौस नाही. जागेवर बसून आकार देणाऱ्याला मातीतला एखादा उंचवटा दिसला तर तो तिथल्या तिथे बेत बदलतो आणि उंचवटा वाचवतो. नकाशावरून चालणारा ठेकेदार मात्र तो उंचवटा आधी सपाट करतो आणि मग नकाशातला दुसरा उंचवटा पैसे घेऊन बांधतो.

शॅकलफर्ड हे लेखक, आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या जुन्या कोर्सेसचे, विशेषतः जॉर्ज थॉमस यांच्या कामाचे अभ्यासक. थॉमस यांनी 1920 च्या दशकात लॉस एंजेलिस परिसरात रिव्हिएरा, बेल-एअर आणि लॉस एंजेलिस कंट्री क्लबचा उत्तरेकडचा कोर्स घडवला. त्या भागात पावसाच्या पाण्याने कापलेल्या कोरड्या घळी जागोजागी आहेत. थॉमस यांनी त्या बुजवल्या नाहीत. त्यांनाच अडथळा मानून होल त्यांच्या आजूबाजूने, कधी त्यांना ओलांडून नेले. ग्रिफिथ पार्कमधल्या सार्वजनिक कोर्ससाठीही त्यांनी काम केलं होतं. म्हणजे मूरपार्कच्या कोरड्या ओढ्याकडे पाहताना या तिघांपुढे एक तयार परंपरा होती, तीही त्याच मातीतली.

पुढे 2010 मध्ये हॅन्स यांनी शॅकलफर्ड यांच्या साथीने थॉमस यांच्या त्याच उत्तर कोर्सचा जीर्णोद्धार केला, आणि गोल्फची 2023 ची यूएस ओपन स्पर्धा तिथे झाली. तो अत्यंत खासगी क्लब आहे, बाहेरच्या माणसाला तिथे सहज पाऊल ठेवता येत नाही. 2016 च्या रिओ ऑलिंपिकसाठी गोल्फ कोर्स बांधण्याचं कामही हॅन्स यांच्याकडेच आलं. 1904 नंतर प्रथमच गोल्फ ऑलिंपिकमध्ये परतत होतं. एवढ्या मोठ्या कामांमागची दृष्टी काउंटीच्या जमिनीवरल्या एका परवडणाऱ्या कोर्सवर आधीच पूर्णपणे उमटलेली होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जमीन काय देत होती

जागेने दोन मोठ्या गोष्टी फुकट दिल्या. पहिली म्हणजे वाळूमिश्रित माती. ओढ्याने शतकानुशतकं आणून टाकलेला हा गाळ पाणी झरझर पिऊन घेतो. चिकणमातीच्या कोर्सला जमिनीखाली नळ्यांचं जाळं घालावं लागतं, नाहीतर पाऊस पडून गेल्यावर दोन-दोन दिवस खेळ बंद राहतो. वालुकामय जमीन लवकर वाळते आणि टणक राहते. टणक जमिनीवर चेंडू पडल्यावर थांबत नाही, धावतो. याचं महत्त्व पुढे येईल.

दुसरी देणगी म्हणजे दरीचा उतार. अख्खी दरी उत्तरेकडून दक्षिणेकडे हळूहळू कललेली आहे. डोळ्याला तो कल जाणवत नाही, कारण नजरेच्या टप्प्यातलं सगळंच सारखं कललेलं असतं. तुलनेला क्षितिज मिळत नाही. त्यामुळे ग्रीनवर उभा राहिलेला माणूस ठामपणे म्हणतो, की इथे चढ आहे, आणि चेंडू त्याला खोटं पाडत दरीच्या मुखाकडे वळतो. इथे वरचेवर खेळणारे नवख्याला पहिला सल्ला हाच देतात: डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस, दरी कुठे उतरते ते आधी आठव. ग्रीनमध्ये गुंतागुंतीचे उंचसखल आकार कोरून जी कोडी घालावी लागतात, त्यातली निम्मी इथे जमिनीने आपणहून घातली आहेत.

हे ओळखून आराखडाकारांनी फारच थोडी माती हलवली. होलांची आखणीच अशी केली, की ग्रीन जिथे नैसर्गिकरीत्या बसू शकेल तिथेच बसवलं आणि मग मागे येत टीची जागा शोधली. याचा एक परिणाम होलांच्या मांडणीत दिसतो. साधारणपणे अठरा होलांच्या कोर्सवर पार-तीनचे चार, पार-पाचचे चार आणि पार-चारचे दहा होल असतात. रस्टिक कॅन्यनला पार-तीनचे पाच आणि पार-पाचचे पाच आहेत, म्हणून पार-चारचे आठच उरतात. बेरीज तीच, 72. ठरलेल्या साच्यासाठी जमिनीला वाकवण्यापेक्षा साचा सैल केला. खेळणाऱ्याचा यात फायदाच झाला, कारण सारख्या लांबीचे होल एकापाठोपाठ येत नाहीत.

रुंदी

आता या कोर्सच्या मुख्य गुणाकडे येतो. इथले फेअरवे रुंद आहेत, आणि काही ठिकाणी तर पहिल्यांदा येणाऱ्याला प्रश्न पडावा, की एवढ्या मैदानात चुकायचं तरी कसं?

एक साधं गणित मांडतो. सामान्य खेळाडूचा फटका 200 यार्ड जातो असं धरू. दिशा 10 अंशांनी चुकली, आणि हौशी खेळाडूची ती नेहमीच चुकते, तर चेंडू सरळ रेषेपासून सुमारे 35 यार्ड बाजूला पडतो. फेअरवे 35 यार्ड रुंद असेल तर मधल्या रेषेपासून दोन्हीकडे साडेसतराच यार्ड मिळतात. म्हणजे चेंडू रफ ओलांडून झुडपांत गेला. तोच फेअरवे 70 यार्डांचा असेल तर चेंडू काठावर का होईना, गवतावर सापडतो. माणूस पुढे खेळतो. हरवलेला चेंडू शोधायला नियमाने पूर्वी 5 मिनिटं मिळत, 2019 पासून 3 मिनिटं मिळतात. चौघांच्या गटात प्रत्येकाने फेरीत तीन-तीन चेंडू शोधले तर 36 मिनिटं नुसती झुडपं तुडवण्यात जातात. अरुंद कोर्सवर हेच घडतं, आणि मागच्या गटाला ती सगळी मिनिटं उभं राहून काढावी लागतात.

पण रुंदीचा एवढाच अर्थ घेतला तर ती फक्त दयाबुद्धी ठरेल, आणि चांगल्या खेळाडूला अशा कोर्सचा कंटाळा येईल. खरी गंमत कोनात आहे. एक होल डोळ्यांसमोर आणा. ग्रीन लांबट आहे आणि तिरकं बसलेलं: पुढचं टोक डावीकडे, मागचं टोक उजवीकडे. उजव्या पुढच्या कोपऱ्यावर बंकर आहे. फेअरवेच्या डाव्या कडेने ओढा जातो. टीवरून उजवीकडे मारायला हवी तेवढी जागा मोकळी आहे. तिथे मारलं तर चेंडू सुरक्षित राहतो, पण तिथून ग्रीनकडे पाहिलं की मध्ये बंकर आडवा येतो आणि ग्रीनची फक्त रुंदी वाट्याला येते, जी कमी आहे. त्याऐवजी ज्याने ओढ्याच्या कडेकडेने जाण्याचं धाडस केलं, त्याला ग्रीनची अख्खी लांबी समोर उघडी मिळते, बंकर बाजूला राहतो आणि चेंडू जमिनीवरून सरपटत नेला तरी चालतो. दोघेही फेअरवेवरच आहेत, तरी दोघांचे पुढचे फटके वेगवेगळ्या अवघडपणाचे आहेत. रस्टिक कॅन्यनची घडण या विचारावर उभी आहे. नवख्याला इथे चेंडू सापडतो आणि जाणत्याला प्रत्येक टीवर निर्णय घ्यावा लागतो. दोघांसाठी वेगळं काही बांधावं लागत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी झेंडा ग्रीनच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेला, की कालची शहाणी बाजू आज चुकीची ठरू शकते. अरुंद फेअरवेवर रोज एकच प्रश्न असतो: सरळ मारता येतं का? इथे प्रश्न रोज नवा असतो. सार्वजनिक कोर्सवर नेहमीचे खेळाडू महिन्यातून चार-चार वेळा येतात. त्यांच्यासाठी याहून मोलाचा गुण मला सुचत नाही.

ही कल्पना नवी नाही. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स सार्वजनिक जमिनीवर आहे, रविवारी तो खेळासाठी बंद असतो आणि लोक त्यावर फिरायला येतात. तिथे पहिल्या आणि अठराव्या होलला मिळून एकच फेअरवे आहे, शंभर यार्डांहून रुंद, आणि त्यात एकही बंकर नाही. तरी तिथेही कुठल्या बाजूला मारायचं याचा विचार करावाच लागतो. रस्टिक कॅन्यनने तीच शिकवण कॅलिफोर्नियाच्या कोरड्या दरीत आणली.

इथले तिसरा आणि बारावा हे आखूड पार-चार पाहावेत. जोरकस खेळाडू एका फटक्यात ग्रीन गाठायचा मोह धरू शकतो. मोह धरला आणि फसला तर चेंडू हरवत नाही, पण अशा विचित्र जागी जाऊन पडतो, की तिथून पुढचा आखूड फटका पूर्ण लांबीच्या फटक्याहून अवघड वाटतो. मागे राहून दोन फटक्यांत जाणाराही बरोबरीत सुटतो, कधी पुढे निघतो. लांब मारता न येणाऱ्या वयस्क खेळाडूला अशा होलवर तरुणाला हरवण्याची खरी संधी असते. कोर्सची लांबी वाढवायला जमीन लागते, पाणी लागतं. आखूड होलला फक्त विचार लागतो.

ग्रीनच्या कडा

बहुतेक कोर्सेसवर ग्रीनभोवती रफचा पट्टा असतो. चेंडू ग्रीनवरून घसरला तर त्या गवतात अडकतो आणि तिथून उंच उडवणारा एकच फटका शक्य असतो. रस्टिक कॅन्यनमध्ये ग्रीनच्या भोवतालचं गवत फेअरवेइतकंच आखूड ठेवलेलं आहे. फेअरवे कुठे संपतो आणि ग्रीन कुठे सुरू होतं ते लांबून कळतही नाही. घसरलेला चेंडू थांबत नाही, उताराने वाहत दहा-पंधरा यार्ड दूर जातो, एखाद्या खोलगट जागी जाऊन बसतो.

तिथून काय करायचं? ज्याला उंच फटका जमतो त्याने तो मारावा. ज्याला जमत नाही त्याने पटर, म्हणजे ग्रीनवर चेंडू ढकलायची काठी, घेऊन चेंडू जमिनीवरूनच ढकलावा. मधल्या कितीतरी तऱ्हा आहेत. उंच रफ एकच उत्तर लादतं, आखूड गवत चार पर्याय समोर ठेवतं, आणि चारांतून निवडताना माणूस गोंधळतो. बक्षिसं जिंकणाऱ्यांना हा गोंधळ जास्त छळतो, कारण त्यांना चारही फटके येत असतात. नवशिक्याला पटर पुरतो. देखभालीच्या बाजूने पाहिलं तर ग्रीनच्या कडेला वेगळ्या उंचीचा पट्टा राखायचा नाही म्हणजे एक यंत्र आणि एक फेरी कमी.

बंकरांबद्दलही असंच. इथल्या बंकरांच्या कडा खडबडीत आहेत, ओढ्याच्या काठासारख्या. पट्टीने रेघ मारल्यासारख्या कडा नाहीत, त्यामुळे त्या तशा राखायला माणसं नकोत. पावसात थोडी कड ढासळली तर बंकर आणखी अस्सल दिसतो.

पाण्याचा प्रश्न

इथे एक आक्षेप सरळ समोर येतो, आणि तो टाळून पुढे जाणं योग्य नाही. फेअरवे एवढे रुंद असतील तर पाणी जास्त लागणार नाही का? दक्षिण कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळे कोरडे जातात. 2015 मध्ये दीर्घ दुष्काळामुळे राज्याचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शहरी पाणीवापरात 25 टक्के कपातीचा आदेश काढला होता. अशा प्रदेशात गवताचा प्रत्येक एकर जबाबदारीचा असतो.

उत्तर अर्धं समाधानकारक आहे. नेहमीच्या कोर्सवर अरुंद फेअरवेच्या दोन्हीकडे रफ असतं, आणि त्या रफलाही पाणी दिलं जातं, खतही दिलं जातं. रस्टिक कॅन्यनमध्ये तो मधला पट्टाच जवळजवळ नाही. फेअरवे संपला की झुडपांचा मूळचा प्रदेश सुरू होतो आणि त्याला थेंबभरही पाणी लागत नाही. म्हणजे भिजणारं एकूण क्षेत्र फारसं वाढत नाही, फक्त त्यातला खेळता येण्याजोगा भाग वाढतो. शिवाय ही रचना टणक जमिनीवर चालते, आणि टणक जमिनीला मुळात कमी पाणी हवं.

उरलेलं अर्धं आराखडाकाराच्या हातात नाही. कोर्स चालवणाऱ्याने हिरवागार रंग दिसावा म्हणून नळ जास्त सोडला, तर जमीन मऊ पडते, चेंडू पडला तिथे रुततो आणि वर सांगितलेला सगळा कोनांचा खेळ मोडतो. बंकरावरून उंच मारलेला चेंडू मऊ ग्रीनवर थांबतोच. मग कडेकडेने जाण्याचं धाडस कोण कशाला करेल? रुंद आणि मऊ कोर्स खरोखरच कंटाळवाणा असतो. म्हणून अशा कोर्सवर गवत राखणाऱ्याने आराखडाकाराइतकीच समज बाळगायला हवी, आणि उन्हाळ्यात फेअरवे पिवळसर पडले तर तक्रारवही भरू नये एवढी समज खेळणाऱ्यांनी दाखवायला हवी. ही शेवटची अपेक्षा सगळ्यात कठीण आहे. टीव्हीवर दिसणारे पाचूसारखे कोर्स पाहून लोकांनी हिरवा रंग म्हणजे दर्जा असं मनाशी ठरवून टाकलेलं असतं.

चालणं

भोवती घरं विकायची नसल्यामुळे होल एकमेकांना लागून आखता आले. एका ग्रीनवरून उतरलं की पुढची टी चार पावलांवर असते. त्यामुळे पिशवी खांद्यावर टाकून अठरा होल चालता येतात, गाडीचं भाडं वाचतं. कोर्स परवडतो की नाही हे नुसत्या प्रवेशशुल्कावर ठरत नाही. गाडी, हरवलेले चेंडू, आणि साडेपाच तासांची फेरी असेल तर कामावरची अर्ध्या दिवसाची रजा, हे सगळं त्यात धरायला हवं.

वेळेचा हिशेब कोर्सच्या बाजूनेही आहे. दर 10 मिनिटांनी चौघांचा एक गट सोडला तर तासाला 24 माणसं खेळायला लागतात. मैदानात खोळंबा झाला की हे अंतर वाढवावं लागतं, माणसं कमी होतात, आणि उत्पन्न भरून काढायला शुल्क वाढतं. जिथे चेंडू पटकन सापडतात आणि चालणं कमी असतं, तिथे कमी शुल्कातही कोर्सचा खर्च निघतो. काउंटीच्या जमिनीवरचा कोर्स टिकायचा तर हा हिशेब जमलाच पाहिजे.

जे इथे जमलं नाही, आणि जे इतरत्र जमेल

ओढा कोरडा असला तरी तो ओढाच आहे. जोराच्या पावसाळी हिवाळ्यात डोंगरावरचं पाणी गाळ आणि गोटे घेऊन याच वाटेने उतरतं. नैसर्गिक अडथळा राखण्याची ती किंमत आहे. सिमेंटचा कालवा बांधला असता तर हा धोका कमी झाला असता, पण मग होलांच्या मधून जाणारी ती वेडीवाकडी वाळूची रेघ उरली नसती. मला हा निर्णय बरोबर वाटतो, तरी पुरानंतर फावडं हातात घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना तो तेवढा सोपा वाटणार नाही, हे मान्य करायला हवं.

दिसण्याचाही प्रश्न आहे. इथे तळं नाही, दाट झाडी नाही, सावलीही फारशी नाही. दुपारी वारा सुटला की आडोसा मिळत नाही. पहिल्यांदा येणारे काहीजण म्हणतात, हे तर नुसतं माळरान आहे. या कोर्सचे गुण एका फेरीत डोळ्यात भरत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या वेळी, झेंडा नव्या जागी असताना, एखादा होल अचानक उलगडतो. छायाचित्रात सुंदर दिसणाऱ्या कोर्सच्या तुलनेत त्याची ही अडचण कायम राहील.

आणि खरा मोठा आक्षेप असा: वालुकामय माती, कललेली दरी, सरकारी जमीन हे सगळं एकत्र कुठे मिळतं? बरोबर आहे. चिकणमातीच्या सपाट तुकड्यावर रस्टिक कॅन्यन जसाच्या तसा उतरवता येणार नाही. पण म्हणून त्यातलं काहीच नेता येत नाही, असंही नाही. फ्लोरिडातल्या विंटर पार्क शहराच्या मधोमध 1914 पासूनचा नऊ होलांचा एक नगरपालिकेचा कोर्स आहे. जमीन सुमारे 40 एकर, जवळजवळ सपाट, चहूबाजूंनी रस्ते आणि घरं. 2016 मध्ये कीथ रेब आणि रायली जॉन्स यांनी सुमारे 12 लाख डॉलरमध्ये तो नव्याने घडवला. तिथे ना दरी होती ना ओढा. त्यांनी ग्रीन आणि त्यांच्या भोवतालच्या आखूड गवताच्या उतारांवरच सगळी बुद्धी खर्च केली. पूर्ण लांबीच्या कोर्सच्या मानाने तिथले होल आखूड आहेत, तरी झेंडा कुठे लावलाय यावर टीवरूनच विचार करावा लागतो.

रस्टिक कॅन्यनमध्येही हा विचार पहिल्याच टीवर सुरू होतो. समोर भलामोठा मोकळा पट्टा, त्याला कापत जाणारी वाळूची रेघ, पलीकडे डोंगर. चौघांच्या गटातला नवखा खुश होतो, की एवढी जागा आहे, कुठेही मारलं तरी चालेल. नेहमी येणारा त्याच जागेकडे पाहत थोडा वेळ गप्प उभा राहतो आणि विचारतो, ‘आज झेंडा कुठल्या बाजूला लावलाय?’